संगत तोडावी की घडवावी?

मुलुंडला गाडीची वाट पाहताना किंवा क्लासच्या दाराशी उभे असताना पालकांची एक तक्रार माझ्या कानांवर हमखास येते. मुलगा गुणी आहे, पण मित्रांच्या नादी लागतो. बूट हवेत ते मित्रासारखे, मोबाईल हवा तोही मित्रासारखाच. मग मित्र तोडायचे का? हा प्रश्न निघाला की मला साने गुरुजींचे आयुष्य आठवते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. ‘श्यामची आई’ या पुस्तकातला श्याम म्हणजे तेच. श्याम तसा भित्रा. गावची मुले विहिरीवर पोहायला निघाली की हा घरात लपून बसे. आईने त्याला शोधून बाहेर काढले आणि मार देऊन विहिरीवर धाडले. आपल्या मुलाला चारचौघांनी भित्रा म्हणावे, हे तिला सोसणारे नव्हते. तीच आई फुलांच्या बाबतीत मात्र वेगळी वागली. फुले आपल्यालाच मिळावीत म्हणून मुले चढाओढीने मुक्या कळ्याच खुडून आणत, त्यांत श्यामही होता. तिथे तिने त्याला थांबवले. सोबत्यांचे कुठे ऐकावे आणि कुठे ऐकू नये, हा विवेक त्याला घरात मिळाला.

१९१७ मध्ये आई गेली. १९२४ मध्ये गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आले. वसतिगृहात आळसाचीही साथ पसरते. एकाने अंथरूण गुंडाळले नाही की शेजारचाही गुंडाळत नाही. गुरुजींनी उपदेश केला नाही, शिक्षाही केली नाही. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडू लागले, कंदील पुसू लागले, त्यांचे कपडे धुऊ लागले. मुले ओशाळली. एकाने झाडू हाती घेतला, मग दुसऱ्याने. ज्या देखादेखीने मुले बिघडतात, त्याच देखादेखीने ती सुधारली! गुरुजी मुलांसाठी हाताने लिहून रोज एक दैनिकही काढत. त्या मुलांना आई दूर होती, पण मन मोकळे करायला एक मोठे माणूस जवळ होते.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. ११ जून १९५० रोजी ते गेले.

आज बोरिवली-अंधेरीचे आईवडील लोकलचे धक्के खाऊन रात्री आठला घरी पोहोचतात. तोवर मुलाचे जग म्हणजे त्याचे मित्रच. ते जग हिरावून घेतले तर मूल एकटे पडेल किंवा लपवाछपवी शिकेल. त्यापेक्षा रविवारी त्या मित्रांनाच घरी बोलवावे. पोहे करावेत, त्यांची नावे, आवडी, अडचणी विचाराव्यात. काका-काकूंना आपण ठाऊक आहोत, एवढ्या जाणिवेनेही पोरे सांभाळून वागतात. आणि एखाद्या दिवशी सगळे एकीकडे गेले तरी आपल्या मुलाला नाही म्हणता यावे, यासाठी घरी त्याचे ऐकून घेणारे कोणीतरी हवे. अमळनेरच्या मुलांना ते गुरुजींमध्ये मिळाले होते.