गाडी नवऱ्याने बनवली, पण चढावरचा गिअर बर्था बेन्झमुळे आला

ऑक्टोबर २०१०. औरंगाबादमध्ये एकाच दिवशी १५० मर्सिडीज-बेन्झ गाड्या ग्राहकांच्या ताब्यात आल्या. शहरातल्या लोकांनी गट करून एकत्र ऑर्डर दिली होती आणि सौदा होता साधारण ६५ कोटींचा. बातमी देशभर गाजली. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण दीडशे मर्सिडीजवालं शहर ही ओळख काही पुसली गेलेली नाही.

तेव्हा चर्चा झाली ती पैशाची. कर्ज कुठल्या बँकेनं दिलं, व्याज किती, मराठवाड्यात एवढा पैसा आला कुठून, वगैरे. गाडीच्या आत काय आहे याच्याशी कुणाला फारसं घेणंदेणं नव्हतं. यातल्या सेडान गाड्यांचं वैशिष्ट्य म्हणजे इंजिन पुढे, पण जोर मागच्या चाकांना. आणि बहुतेक गाड्यांमध्ये पायाशी क्लच नाही, दोनच पेडल. गिअर आपोआप पडणार.

पण मुळात गाडीला एकापेक्षा जास्त गिअर लागतात, हे लोकांना कळलं कधी? त्याची गोष्ट जाते १८८८ सालच्या जर्मनीत, एका चढावर. गाडी चालवत होती चार मुलांची आई असलेली ३९ वर्षांची बाई. तिचं नाव बर्था बेन्झ.

हुंड्याचे पैसे वर्कशॉपमध्ये

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा, फोर्त्सहाइम गावातला. माहेरचं आडनाव रिंगर. वडील सुतारकाम आणि बांधकाम करून चांगले सधन झालेले. असं सांगतात की तिच्या जन्माची नोंद करताना वडिलांनी घरातल्या बायबलमध्ये पुन्हा मुलगीच झाल्याची हळहळ लिहून ठेवली होती आणि पुढे ती नोंद तिच्या वाचनात आली. गोष्ट खरी असो वा नंतर रंगवलेली, आपल्याकडच्या घरांत ती कुणाला परकी वाटणार नाही.

१८६९ मध्ये एका सहलीत तिची कार्ल बेन्झशी ओळख झाली. कार्ल रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरचा मुलगा. तो दोन वर्षांचा असताना वडील गेले, आईनं ओढाताण करून शिकवलं. डोक्यात एकच वेड होतं, घोड्याशिवाय चालणारी गाडी. खिशात मात्र काही नाही.

१८७१ मध्ये कार्लनं मानहाइममध्ये एका भागीदारासोबत वर्कशॉप काढलं. भागीदार बेभरवशाचा निघाला आणि धंदा बुडायची वेळ आली. लग्न अजून व्हायचं होतं. बर्थानं वडिलांकडून आपल्या हुंड्यातली रक्कम आधीच मागून घेतली आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन त्याला बाहेर काढलं. २० जुलै १८७२ ला लग्न झालं. गंमत बघा, कुमारिका असताना ती स्वतःचा पैसा स्वतःच्या मर्जीनं गुंतवू शकत होती. लग्नाच्या बाईला तेव्हाच्या कायद्यात तसा हक्कच नव्हता. म्हणजे ज्या धंद्यात तिचा पैसा होता, त्यात लग्नानंतर तिचं नाव कागदावर कुठेच नाही.

पुढची वर्षं कर्जाची होती. मुलं होत गेली, वर्कशॉप कसंबसं चालत राहिलं. १८७९ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री जेवणानंतर बर्थानंच कार्लला पुन्हा एकदा इंजिन चालू करून बघायला नेलं, अशी आठवण कार्लनं म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात आहे. बरेच दिवस हट्टाला पेटलेलं ते टू-स्ट्रोक इंजिन त्या रात्री सुरू झालं.

पहिली मोटारगाडी दिसायला रिक्षाची पणजी

२९ जानेवारी १८८६ ला कार्लनं आपल्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट क्रमांक ३७४३५. अर्जदार एकटा कार्ल.

ही गाडी कशी होती? तीन चाकं. पुढे एक, मागे दोन. इंजिन मागे आणि जोरही मागच्या चाकांना. वाळूजच्या बजाजच्या कारखान्यातून आजही ज्या रिक्षा बाहेर पडतात, त्यांचा मूळ आराखडा हाच. इंजिन ९५४ सीसीचं, पण ताकद एक हॉर्सपॉवरपेक्षाही कमी. वेग ताशी १६ किलोमीटर.

आणि गिअर? पुढे जायला एकच. इंजिनचा जोर आधी चामड्याच्या पट्ट्यानं मधल्या दांड्यापर्यंत जायचा आणि तिथून दोन साखळ्यांनी मागच्या दोन चाकांना. चालकाशेजारचा दांडा ओढला की पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकायचा आणि गाडी चालू लागायची. बस्स.

सपाट रस्त्यावर हे ठीक होतं. पण दौलताबादहून खुलदाबादकडे जाणारा घाट डोळ्यांसमोर आणा. किल्ल्याच्या वेशीतून बाहेर पडलं की चढ लागतो आणि बाइकवाला निमूटपणे गिअर खाली घेतो. का? इंजिनमध्ये ताकद असते तेवढीच असते. खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फेरे मारतं आणि चाक कमी फिरतं. वेग जातो, पण त्याच्या बदल्यात चाकाला जोर मिळतो. गिअरबॉक्स ताकद तयार करत नाही, ती वेग मोडून जोर देते. कार्लच्या गाडीत ही मोडच नव्हती.

गाडी विकलीही जात नव्हती. लोक तिच्याकडे तमाशा म्हणून बघायचे. कार्ल एक नंबरचा कारागीर, पण गाडी घेऊन चारचौघांत मिरवणं त्याला जमत नव्हतं. सतत काहीतरी सुधारत बसायचा. पैसा मात्र बर्थाचा अडकला होता.

ऑगस्ट १८८८, पहाटेची वेळ

ऑगस्टमधल्या एका पहाटे बर्था, १५ वर्षांचा ऑयगन आणि १३-१४ वर्षांचा रिखार्ड यांनी गाडीचं तिसरं मॉडेल वर्कशॉपमधून बाहेर काढलं. जायचं होतं फोर्त्सहाइमला, तिच्या माहेरी. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त, म्हणजे संभाजीनगरहून अहिल्यानगर गाठावं इतपत. तोवर कुणीही मोटारीनं एवढं लांब गेलेलं नव्हतं. गाडी जायची ती गावातल्या गावात, तीही मेकॅनिक सोबत घेऊन.

कार्ल झोपलेला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं, असं नेहमी सांगितलं जातं. एवढ्या खडखडाटी यंत्राच्या मालकाला खरंच जाग आली नसेल का, ही शंका घ्यायला जागा आहे. पण नवऱ्याची परवानगी न घेता निघालेली बाई हेच या गोष्टीचं आकर्षण असल्यामुळे तो भाग कुणी सोडत नाही.

प्रवासात काय काय झालं ते जास्त महत्त्वाचं. गाडीला वेगळी टाकी नव्हती, इंधन राहायचं ते कार्ब्युरेटरमध्येच, साडेचार लिटरच्या आसपास. ते संपल्यावर वीसलोख गावात बर्था औषधाच्या दुकानात शिरली आणि लिग्रोइन मागितलं. कपड्यांवरचे डाग काढायला वापरलं जाणारं ते द्रव्य म्हणजेच गाडीचं इंधन. जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ते दुकान आज ओळखलं जातं.

इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिननं मोकळी केली. इग्निशनच्या वायरचं आवरण घासलं गेलं, तर मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी ताणली गेली तेव्हा ब्रुखसालच्या लोहाराला गाठलं. इंजिन गार ठेवणारं पाणी वाफ होऊन उडून जायचं, म्हणून ओढा दिसला की थांबायचं आणि भरून घ्यायचं. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा बाउश्लॉट गावात जोडे शिवणाऱ्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगचा शोध म्हणतात तो हा.

हे सगळं जुगाडानं निभावलं. चढाचं मात्र काय करणार? आज १०० सीसीच्या बाइकला आठेक हॉर्सपॉवर असते, या गाडीला त्याच्या निम्मीही नव्हती. गिअर एकच. चढ आला की गाडी मान टाकायची. मग मुलांनी उतरायचं आणि ढकलायचं. संध्याकाळी घामाघूम होऊन तिघं फोर्त्सहाइमला पोचले आणि कार्लला तार गेली. काही दिवसांनी वेगळ्या रस्त्यानं ते गाडी चालवतच परत आले.

परत आल्यावर बर्थानं जे सांगितलं, त्यावरून कार्लनं गाडीत चढासाठी आणखी एक गिअर बसवला. हळू चालणारा, पण जोर देणारा.

टोपीची पिन आणि मोज्याचा पट्टा यांच्यावर व्हिडिओ बनतात, कारण ते ऐकायला गंमतशीर आहे. खरं काम या गिअरचं आहे. वर्कशॉपमध्ये बसलेल्या माणसाला यंत्र चालतंय एवढंच दिसत होतं. ते रस्त्यावर कुठे कमी पडतं, हे तिनं जाऊन पाहिलं आणि नेमकं सांगितलं. आज कंपन्या गाडी बाजारात आणण्याआधी लाखो किलोमीटर टेस्टिंग करतात. त्या कामाची सुरुवात एका आईनं दोन पोरांना घेऊन केली होती.

एकावरून नऊपर्यंत

त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. १८९४ मध्ये आलेली छोटी व्हेलो गाडी खपली आणि १८९९ मध्ये बेन्झ कंपनीनं ५७२ गाड्या बनवल्या. तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी होती.

त्याच काळात बेन्झच्या छोट्या गाड्यांना चढासाठी जादा गिअर म्हणून ग्रहचक्र मिळू लागलं. नाव भारी असलं तरी रचना सोपी आहे. मधे एक दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणायचं. भोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे ग्रह. आणि सगळ्यांना कवेत घेणारं, आतून दाते असलेलं कडं. या तिघांपैकी कोणाला धरून ठेवायचं आणि कोणाला फिरू द्यायचं, त्यावर वेग आणि जोराचं गणित बदलतं. दाते एकमेकांपासून सोडवून पुन्हा जुळवायची गरजच नाही. म्हणूनच पुढे आपोआप गिअर टाकणाऱ्या बहुतेक यंत्रांचा पाया हेच ग्रहचक्र ठरलं.

क्लचचा प्रश्न सुटला तो जहाजांमुळे. हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनं १९०५ मध्ये टॉर्क कन्व्हर्टरचं पेटंट घेतलं. तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. एक इंजिन फिरवतं, त्यानं ढकललेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. मधे लोखंडाला लोखंड लागत नाही, म्हणून गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. ग्रहचक्र आणि तेलाची जोडणी एकत्र करून अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९३९ मध्ये हायड्रामॅटिक हा चार गिअरचा ऑटोमॅटिक बाजारात आणला. मर्सिडीजचा स्वतःचा ऑटोमॅटिक यायला १९६१ साल उजाडलं. मग २००३ मध्ये सात गिअर आले आणि २०१३ मध्ये नऊ.

एवढे गिअर मावतात कुठे? इथे मागच्या चाकांवर चालण्याचा फायदा होतो. अशा गाडीत इंजिन लांबीत बसतं, त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्ट थेट मागच्या डिफरन्शियलला. अँबेसेडर किंवा टाटा सुमोखाली वाकून पाहिलेल्यांना तो फिरता दांडा आठवत असेल. गिअरबॉक्स लांबीत असल्यामुळे ग्रहचक्रं एकामागे एक ओवता येतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं असतं, तिथे गिअरबॉक्सला इंच-इंच जागेसाठी भांडावं लागतं. शिवाय चढावर गाडीचं वजन मागे सरकतं आणि नेमकी मागचीच चाकं रस्ता धरून ठेवतात.

मर्सिडीजच्या नऊ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये अशी चार ग्रहचक्रं आहेत. पहिल्या आणि नवव्या गिअरच्या प्रमाणात ९ पटींहून जास्त फरक आहे. म्हणजे घाटात रांगायला पहिला आणि समृद्धी महामार्गावर इंजिन निवांत ठेवायला नववा. कधी कुठला टाकायचा ते कॉम्प्युटर ठरवतो.

शेवटची वर्षं

१९०३ मध्ये कंपनीतल्या मतभेदांमुळे कार्ल कामातून बाजूला झाला. कुटुंबानं लाडेनबुर्गमध्ये मुलांसोबत नवा कारखाना काढला. १९२६ मध्ये बेन्झ आणि डाइमलर या जुन्या प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या. मर्सिडीज हे नाव डाइमलरकडून आलं, त्यांच्या एका धनाढ्य विक्रेत्याच्या मुलीचं. त्या मुलीचा इंजिनशी काडीचा संबंध नव्हता. पण नाव तिचं लागलं, आणि बर्था उरली ती आडनावापुरती.

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं लाडेनबुर्गच्याच घरात राहिली. ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी, कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठानं तिला मानद सिनेटर केलं. कार्ल ज्या शहरात शिकला, तिथलंच हे विद्यापीठ. दोन दिवसांनी, ५ मे रोजी, ती गेली.

२००८ मध्ये जर्मनीनं तिच्या त्या प्रवासाच्या जाण्यायेण्याच्या १९४ किलोमीटर रस्त्याला तिचं नाव दिलं. वाटेत वीसलोखच्या त्या औषधाच्या दुकानासमोर तिचं स्मारक आहे.