ताजुद्दीन बाबा

सय्यद मोहम्मद ताजुद्दीन, अर्थात ताजुद्दीन बाबा (२७ जानेवारी १८६१ – १७ ऑगस्ट १९२५), हे नागपूर येथील सुप्रसिद्ध सूफी संत होत. त्यांच्या आयुष्यातील सोळा वर्षे नागपूरच्या मनोरुग्णालयात गेली. शासनदरबारी मनोरुग्ण ठरलेल्या या पुरुषाकडे पुढे मनोव्याधींनी पीडित असलेल्यांचे नातलगच आशेने येऊ लागले.

== प्रारंभिक जीवन ==
त्यांचा जन्म नागपूरजवळील कामठी या छावणीच्या गावी झाला. वडील सय्यद बद्रुद्दीन हे सैन्यात होते. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने त्यांचे पालनपोषण आजोळी झाले. तरुणपणी ते सैन्यात दाखल झाले व त्यांची नेमणूक सागर येथे झाली. तेथे हजरत दाऊद मक्की यांच्या समाधीस्थानी ते रात्री ध्यानात घालवीत. अखेरीस नोकरी सोडून ते फकिरी वृत्तीने राहू लागले. कामठीस परतल्यावर आप्तांनी त्यांना वेड लागले असे समजून उपचार केले. परंतु त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही.

== मनोरुग्णालयातील वास्तव्य ==
कामठी छावणीत युरोपीय स्त्रिया टेनिस खेळत असताना ते विवस्त्र अवस्थेत मैदानात गेले, असे सांगितले जाते. या प्रसंगानंतर २६ ऑगस्ट १८९२ रोजी त्यांची रवानगी नागपूरच्या मनोरुग्णालयात झाली. हे मनोरुग्णालय १८६४ साली स्थापन झाले असून जुन्या नागपूरकरांच्या बोलीत ते पागलखाना म्हणून ओळखले जाई.

त्या काळी अशा संस्थांचा कारभार १८५८ च्या कायद्यानुसार चाले. मनोरुग्णाची परिचर्या हा प्रशिक्षित व्यवसाय म्हणून अद्याप रुजला नव्हता. प्रक्षुब्ध रुग्णास आवरणे, खाऊपिऊ घालणे आणि त्याच्यावर पाळत ठेवणे ही कामे मुख्यतः रखवालदारांकडे असत. प्रक्षोभ शमविणाऱ्या आजच्यासारख्या औषधांचा शोधही विसाव्या शतकाच्या मध्यास लागला.

ताजुद्दीन बाबा कोठडीत बंद असतानाच बाहेर फिरताना दिसल्याच्या आख्यायिका भाविकांत प्रचलित आहेत. त्यांचा लौकिक वाढत गेला आणि त्यांच्या दर्शनासाठी लोक मनोरुग्णालयात येऊ लागले.

== सुटका ==
नागपूरच्या भोसले घराण्यातील राजे रघुजीराव हे बाबांचे भक्त होते. आप्त वा स्नेही यांनी रुग्णाच्या देखभालीची हमी घेतल्यास त्यास घरी नेण्याची सोय तत्कालीन व्यवस्थेत होती. त्यानुसार रघुजीरावांनी जामीन दिला. परंपरेने ही रक्कम २,००० रुपये सांगितली जाते. २१ सप्टेंबर १९०८ रोजी बाबांची सुटका झाली व त्यांना शकरदरा येथील राजवाड्यात आणण्यात आले. हिंदू राजाने मुस्लिम फकिराची घरच्या माणसासारखी जबाबदारी घेतल्याची ही घटना नागपूरच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची मानली जाते. मात्र बाबांच्या वागण्याची रीत सुटकेनंतरही बदलली नाही. बदलली ती भोवतालच्या माणसांची दृष्टी.

== वाकी येथील काळ ==
पुढे ते सावनेर परिसरातील वाकी या कन्हान नदीकाठच्या गावी काशिनाथ पाटील यांच्याकडे राहिले. तेथे त्यांनी निरनिराळ्या जागांना शाळा, मशीद, दवाखाना अशी नावे दिली होती, अशी परंपरा आहे. दवाखाना म्हणजे आंब्याच्या झाडाखालची मोकळी जागा होती. शारीरिक व्याधींनी ग्रासलेल्यांबरोबर मनोव्याधीने पीडित असलेल्यांनाही त्यांचे कुटुंबीय तेथे आणीत. हे रुग्ण नातलगांच्या सोबतीने राहत. बाबांच्या कृपेने अनेक जण बरे झाले अशी भाविकांची श्रद्धा आहे.

== निधन व वारसा ==
अखेरच्या काळात ते पुन्हा शकरदरा येथे आले आणि १७ ऑगस्ट १९२५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. उमरेड मार्गावरील ताजबाग येथे त्यांचा दर्गा असून दरवर्षी मोहरम महिन्याच्या २६ तारखेस उरूस भरतो. सर्व धर्मांचे लोक त्यास उपस्थित राहतात. मेहेरबाबांनी शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज, केडगावचे नारायण महाराज आणि पुण्याच्या हजरत बाबाजान यांच्यासह ताजुद्दीन बाबांची गणना आपल्या काळातील पाच सद्गुरूंमध्ये केली.

ज्या मनोरुग्णालयात बाबा राहिले, ते आज प्रादेशिक मनोरुग्णालय या नावाने कार्यरत आहे. तेथील त्यांच्या वास्तव्याची जागा भाविक श्रद्धास्थान मानतात.