ज्यांच्या नावाने साल्मोनेला ओळखला जातो ते डॉ. साल्मन

कोंबडीपालन करणाऱ्याला साल्मोनेला हे नाव नवीन नाही. पिल्लांची पांढरी हगवण करणारा जंतू याच कुळातला आणि माणसाच्या टायफॉईडचा जंतूही याच कुळातला. मात्र हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस जनावरांचा डॉक्टर होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. डॉ. डॅनियल एल्मर साल्मन हे त्यांचे पूर्ण नाव. गंमत अशी की हा जंतू त्यांनी स्वतः शोधलाच नव्हता. ती हकीकत पुढे येईल.

साल्मन यांचा जन्म २३ जुलै १८५० रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात माऊंट ऑलिव्ह येथे झाला. आठव्या वर्षी आईबापाचे छत्र गेले आणि एका चुलतभावाने त्यांना सांभाळले. १८६८ साली न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठ सुरू झाले, त्याच्या पहिल्याच तुकडीत हा मुलगा दाखल झाला. तिथे जेम्स लॉ नावाचे स्कॉटलंडचे पशुवैद्य शिकवायला आले होते. त्या काळी अमेरिकेत जनावरांचा डॉक्टर म्हणजे बहुतेक ठिकाणी घोड्याला नाल ठोकणारा किंवा गावठी औषधे देणारा. लॉ यांचा आग्रह मात्र पक्का होता : चार वर्षे शिकल्याशिवाय पदवी नाही, आणि डॉक्टर म्हणवून घ्यायचे असेल तर त्यापुढे आणखी अभ्यास. साल्मन शेवटचे सहा महिने फ्रान्समधल्या आल्फोरच्या पशुवैद्यक शाळेत काढून आले, १८७२ मध्ये पहिली पदवी मिळवली, आणि १८७६ मध्ये डॉक्टर ऑफ व्हेटरनरी मेडिसिन झाले. अमेरिकेत दिली गेलेली ही अशी पहिलीच पदवी.

इथे जरा थांबून सांगतो. ही वरची पदवी म्हणजे त्या काळचे पदव्युत्तर शिक्षणच होते. आज अमेरिकेत डी.व्ही.एम. ही व्यवसायाची मूळ पदवी झाली आहे आणि संशोधन करायचे तर पुढे एम.एस. किंवा पीएच.डी. आपल्याकडे बी.व्ही.एससी. अँड ए.एच. झाल्यावर दोन वर्षांची एम.व्ही.एससी. आणि त्यानंतर पीएच.डी. असा रस्ता आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी अशा महाविद्यालयांत, अकोल्याच्या पदव्युत्तर संस्थेत, किंवा उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत हे करता येते. सूक्ष्मजीवशास्त्र, परोपजीवीशास्त्र, विकृतीशास्त्र, सार्वजनिक आरोग्य असे विषय असतात. पोरगा डॉक्टर झाला की लगेच दवाखाना टाकावा, असे घरातल्यांना वाटते, त्यात काही चूक नाही. पण आपल्या गोठ्यातल्या रोगाचे मूळ कुणी शोधून काढायचे, हा प्रश्न राहतोच. साल्मन यांच्या पुढच्या आयुष्यात हाच प्रश्न आहे.

१८४३ साली न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिन येथे जहाजावरच्या एका विकत घेतलेल्या गाईबरोबर गुरांच्या फुफ्फुसाचा सांसर्गिक रोग अमेरिकेत शिरला होता. पुढे तो गावोगाव पसरला. १८७९ साली इंग्लंडने अमेरिकन गुरांवर बंधने घातली. बंदरावर उतरलेले जनावर तिथेच कापायचे, आत न्यायचे नाही, असा नियम झाला. म्हणजे भाव पडला. मग सरकार जागे झाले! २९ मे १८८४ रोजी कायदा होऊन ब्युरो ऑफ ॲनिमल इंडस्ट्री हे खाते निघाले आणि साल्मन त्याचे पहिले प्रमुख झाले. सुरुवातीला वीस माणसांपेक्षा जास्त नेमायची परवानगीच नव्हती. एवढ्या मोठ्या देशाला वीस माणसे.

काम कटू होते. रोगी जनावर आणि त्याच्या संगतीतले जनावर मारायचे, मालकाला भरपाई द्यायची, गोठा बंद ठेवायचा. १८८६ साली शिकागोत दारूच्या भट्ट्यांच्या गोठ्यांतून रोग निघाला. भट्टीचा उरलेला चोथा खायला घालून तिथे गुरे दाटीवाटीने ठेवलेली असत. मालकांचा विरोध, कोर्टकचेऱ्या, राज्यांची कुरकूर, सगळे झाले. तरी १८९२ साली अमेरिका त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. खर्च आला सुमारे पंधरा लाख डॉलर. माझ्या मते साल्मन यांचे सर्वांत मोठे काम हेच. जंतूला नाव मिळाले ते त्यापुढे किरकोळ आहे. भरपाई वेळेवर मिळाली नसती तर शेतकऱ्याने जनावर लपवले असते, हे आपल्या गावकामगारांना वेगळे सांगायला नको.

दुसरा रोग आपल्या जवळचा. टेक्सासकडची गुरे उत्तरेत हाकून नेली की ती स्वतः धडधाकट राहत, पण ज्या रानातून ती गेली तिथली गावची गुरे तापाने, लाल लघवी करून मरत. गुराखी म्हणत की हा गोचिडांचा प्रताप. शिकलेली माणसे हसत. साल्मन यांनी आधी हा रोग कुठपर्यंत आहे त्याची सीमा राज्याराज्यांतून आखून दिली. पुढचे काम केले थिओबाल्ड स्मिथ या तरुणाने. तोही कॉर्नेलचाच, माणसांचा डॉक्टर झालेला, आणि १८८३ साली साल्मन यांनीच त्याला कामावर घेतलेले. सोबत पशुवैद्य किलबोर्न आणि गोचिडाचा अभ्यासक कर्टिस.

त्यांनी वॉशिंग्टनजवळच्या शेतावर १८८९ पासून साधी पण पक्की चाचणी लावली. एका कुंपणात गोचीड असलेली दक्षिणेची गुरे आणि गावची गुरे एकत्र ठेवली. दुसऱ्यात दक्षिणेच्या गुरांच्या अंगावरचे गोचीड हाताने वेचून काढले आणि मग गावची गुरे सोडली. तिसऱ्यात दक्षिणेचे एकही जनावर नाही, नुसते गोचीड गवतात टाकले. पहिल्या आणि तिसऱ्या कुंपणात गुरे आजारी पडली, दुसऱ्यात नाही. पुढच्या वर्षी अंड्यांतून काढलेली गोचिडाची पिले निरोगी गाईवर सोडली, तीही आजारी पडली. म्हणजे मादी खाली पडते, अंडी घालते, आणि रोग पिलांबरोबर पुढे जातो. गुरे जाऊन महिना झाल्यावर रोग का दिसतो, हे कोडे सुटले. १८९३ साली हे छापून आले. किड्यामार्फत जनावरांचा रोग पसरतो हे यात पहिल्यांदा सिद्ध झाले. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला डासात हिवतापाचा जंतू पाहिला तो १८९७ साली, म्हणजे नंतर. आपल्या संकरित गाईंना होणारा गोचीडताप, रक्तलघवीचा तो प्रकार, याच जातीचा आहे.

आता साल्मोनेलाची गोष्ट. १८८५ च्या सुमारास स्मिथ यांनी डुकरांच्या कॉलऱ्यात एक जंतू वेगळा काढला. अहवाल साल्मन आणि स्मिथ या दोघांच्या नावाने गेला, साहेबांचे नाव पुढे. १८८६ साली दोघांनी कबुतरांवर दाखवले की उष्णतेने मारलेल्या जंतूंची टोचणीही प्रतिकारशक्ती देते. मेलेल्या जंतूंची लस ही कल्पना इथून पुढे गेली. १९०० साली फ्रेंच पशुवैद्य लिग्निएर यांनी जंतूच्या कुळाला साहेबांचे नाव दिले. आणि १९०३ च्या सुमारास ब्युरोच्याच डी श्वाइनिट्झ व डॉर्सेट यांनी दाखवले की डुकरांचा कॉलरा मुळात विषाणूमुळे होतो, तो जंतू मागाहून शिरतो! स्मिथ १८९५ मध्येच खाते सोडून हार्वर्डला गेले होते. शोध कुणाचा आणि नाव कुणाचे, ही तक्रार प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना आजही ऐकायला मिळते. साल्मन यांनी माणसे निवडली, पैसा आणला, जागा दिली हे खरे. पण गोचीड मोजत बसले ते दुसरेच.

साल्मन यांनी १८९२ साली वॉशिंग्टनमध्ये पशुवैद्यक महाविद्यालयही काढले. १८९१ पासून मांसतपासणीचे काम त्यांच्याच खात्याकडे आले. १९०५ साली त्याच तपासणीची लेबले छापण्याच्या ठेक्यात त्यांचे हितसंबंध असल्याचा आरोप झाला. कृषिमंत्र्यांनी निर्दोष ठरवले, तरी खुर्ची गेली. एकवीस वर्षांची नोकरी संपली.

मग हा पंचावन्न वर्षांचा माणूस दक्षिण अमेरिकेत उरुग्वेला गेला आणि माँटेव्हिडिओत सुमारे पाच वर्षे पशुवैद्यक शिक्षण उभे करत राहिला. परतल्यावर मोन्टाना राज्यात ब्यूट येथे डुकरांच्या कॉलऱ्यावरच्या सीरमच्या कारखान्यात काम धरले. तिथेच न्यूमोनियाने ३० ऑगस्ट १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. गोचीड हटवण्याची जी सरकारी मोहीम अमेरिकेने १९०६ साली हाती घेतली, ती १९४३ पर्यंत चालली. मेक्सिकोच्या सीमेलगत टेक्सासच्या पट्ट्यात गुरांची तपासणी अजूनही होते.