विश्लेषण : बडोद्यातील नोकरी बाबासाहेबांनी का सोडली?

सेलू असो वा मुंबई, कचेरीतला छळ म्हटले की वरिष्ठाचा जाच डोळ्यांसमोर येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना तो हाताखालच्या शिपायांकडूनही सोसावा लागला.

नोकरी कशी मिळाली?

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, ही अट होती. त्यासाठी लंडनमधले पुढचे शिक्षण अर्धवट सोडून ते १९१७ मध्ये बडोद्यात रुजू झाले. त्यांना पुढे अर्थमंत्री करावे, असा महाराजांचा विचार होता.

कचेरीत काय घडले?

विटाळ नको म्हणून शिपाई कागद हातात देत नसत, लांबून टेबलावर फेकत. कचेरीत प्यायला पाणी मिळेना. अमेरिकेची एम.ए. पदवी आणि महाराजांची मर्जी पेलाभर पाण्यापुढे कुचकामी ठरली.

राहायलाही जागा नव्हती. पारशी नाव लावून, रोज दीड रुपया देऊन ते पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असे बजावून गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन परिचितांनीही घरात घेतले नाही. अखेर मुंबईची रात्री नऊची गाडी सुटेपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले.

दाद कोणाकडे मागितली?

निवाऱ्याचा प्रश्न महाराजांपर्यंत गेला. त्यांनी तो दिवाणांकडे सोपवला, दिवाणांनी असमर्थता दाखवली. शिपायांचे वागणे तर कोणत्याच कायद्याने गुन्हा नव्हते. नोकरी सुटली.

मुंबईत काय वेगळे झाले?

१९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे प्राध्यापकांसाठीच्या माठातले पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणजे शिकलेलेही शिपायांहून वेगळे नव्हते! या वेळी मात्र ते टिकून राहिले. पगारातून पैसे साठवले आणि १९२० मध्ये राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडन गाठले.

कायदा कधी आला?

ते मसुदा समितीचे अध्यक्ष असलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपुष्टात आणली. तिला शिक्षेची जोड अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने दिली. पाणवठा, धर्मशाळा, व्यवसाय यांत अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे त्याने गुन्हा ठरले. साल होते १९५५, बडोदा सोडून ३८ वर्षे झाली होती.