पारितोषिक मल्हाराला, परिपाठ प्रार्थनेचा

१९७१ साली आलेल्या हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘गुड्डी’ या हिंदी चित्रपटातील दोन गीतांचा पुढील प्रवास अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही विचार करावयास लावणारा आहे. दोन्हींचे गीतकार गुलजार, गायिका वाणी जयराम आणि संगीतकार कै. वसंत देसाई. पहिले गीत ‘बोले रे पपीहरा’, मियाँमल्हारात बांधलेले. शास्त्रीय संगीतावर आधारलेल्या चित्रगीतासाठीचा तानसेन सन्मान त्याने गायिकेस मिळवून दिला आणि हिंदी चित्रपटात नवख्या असलेल्या वाणी जयराम यांचे नाव देशभर झाले. दुसरे गीत ‘हमको मन की शक्ति देना’. केदार रागाच्या आधाराने बांधलेली ही प्रार्थना चित्रपटात शाळकरी मुलींच्या तोंडी आहे. तिचा गाजावाजा पदकांनी झाला नाही. परंतु आज आमच्या कळमनुरी तालुक्यातील शाळांच्या परिपाठात जे ऐकू येते ते मल्हाराचे गीत नव्हे, ही प्रार्थना होय. मल्हाराला तयारीचा गळा लागतो. प्रार्थनेला गळा नसला तरी चालतो. एकाच संगीतकाराला ही दोन्ही कामे कशी साधली, याचे उत्तर त्याच्या आयुष्यात शोधावे लागते.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सोनवडे या गावी झाला. भजन आणि दशावतारी खेळ ज्या मुलखात कानावर पडल्यावाचून राहत नाहीत, तो हा मुलूख. भजनात मुख्य गायक एक असला तरी मागून म्हणणारे सारे गाव असते. कोल्हापुरास १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि विशीही न गाठलेला हा तरुण तेथे पडेल ते काम करू लागला. मूकपटात किरकोळ भूमिका केली, बोलपट आल्यावर पडद्यावर गायिले. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्तर कृष्णराव यांच्यासारख्या दिग्गजांच्या हाताखाली ते शिकत गेले. ज्याला आपण आज प्रशिक्षण म्हणतो ते त्यांना असे मिळाले: पदवी नाही, प्रमाणपत्र नाही, केवळ उमेदवारी.

१९४२ साली व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडून राजकमल कलामंदिर उभारले, तेव्हा संगीताची जबाबदारी त्यांनी देसाईंवर टाकली. १९४३ चा ‘शकुंतला’ मुंबईत १०४ आठवडे चालला. नंतर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’, मराठीत ‘अमर भूपाळी’, मग ‘झनक झनक पायल बाजे’ अशी मालिका सुरू झाली. १९५३ च्या ज्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले, त्याचे संगीतही देसाईंचेच.

१९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ आला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतीविना ठेवण्याचा जो प्रयोग झाला, त्यावर ग. दि. माडगूळकरांनी ही कथा रचली होती. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. भरत व्यास यांनी लिहिलेले ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ हे गीत लता मंगेशकर आणि समूहस्वरात यातलेच. पडद्यावर सहा खुनी कैदी आणि त्यांचा तुरुंगाधिकारी. ज्यांना गाणे ठाऊक नाही, अशा माणसांची ही प्रार्थना. चालीची ठेवण म्हणूनच अशी की कच्च्या आवाजालाही मागोमाग जाता यावे, श्वास घेण्यास जागा मिळावी. सोपी चाल बांधणे हे सोपे काम नव्हे, हे कोणीही संगीतशिक्षक सांगेल.

आता जमाखर्च पाहा. ‘झनक झनक’ला १९५७ साली फिल्मफेअरचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले, संगीताचे मात्र ‘चोरी चोरी’ला गेले. ‘दो आँखें’च्या वर्षी ते ‘नया दौर’ला गेले, ‘गुड्डी’च्या वर्षी ‘मेरा नाम जोकर’ला. शंकर-जयकिशन किंवा ओ. पी. नय्यर यांचा अधिकार कोणी नाकारणार नाही. परंतु सुवर्णपदकाच्या दोन चित्रपटांना संगीत देणाऱ्या देसाईंना हे पारितोषिक कधीच मिळाले नाही, हीही नोंद आहे.

देसाईंनी या गोष्टीचा खेद धरून बसण्याऐवजी आपला मोर्चा वेगळ्याच दिशेला वळविला. ‘एक सूर एक ताल’ या उपक्रमात त्यांनी शाळकरी मुलांना हजारोंच्या संख्येने एकत्र आणून समूहगीते गाऊन घेतली. मराठी रंगभूमीला ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘देव दीनाघरी धावला’ अशा नाटकांसाठी चाली दिल्या. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात कांचीच्या शंकराचार्यांचे ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत गायिले, त्याची चालही देसाईंची आहे, हे आपल्याकडील फार थोड्यांना ठाऊक असते. २२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते मुंबईत घरी परतले आणि इमारतीच्या लिफ्टच्या अपघातात मरण पावले. वय अवघे ६३.

एकत्र गाण्याचे मोल मराठवाड्याला कोणी शिकवावयास नको. १९३८ साली निजामी राजवटीत हैदराबाद व औरंगाबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून त्यांना बाहेर काढण्यात आले. अनेकांना नागपूर विद्यापीठाचा आश्रय घ्यावा लागला. एका गीताचा तेवढा धसका सत्तेने घेतला होता.

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून दीपस्तंभ सांगतात: एका जहाजाने त्याचा उजेड घेतला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. देसाईंच्या प्रार्थना याच जातीच्या आहेत. फरक इतकाच की समुद्रात एकही जहाज नसले तरी दीप जळतो. प्रार्थना मात्र गाणारे नसले की विझते. अलीकडे माझ्या पाहण्यातल्या कित्येक शाळांत भ्रमणध्वनी ध्वनिक्षेपकाला जोडून मूळ ध्वनिमुद्रण लावले जाते आणि मुले हात जोडून मुकाट उभी राहतात. गायिकेचा आवाज निर्दोष येतो, ताल चुकत नाही, वेळ वाचतो. शिक्षकांना दोष द्यावासा वाटत नाही. दोनशिक्षकी शाळेत पोषण आहारापासून ऑनलाइन माहिती भरण्यापर्यंत सारे ज्याच्या माथी, त्याने पेटीही वाजवावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? तरीही जे गीत बेसूर गळ्यांसाठी बांधले, ते सुरेल गळ्याकडून ऐकून घेण्यात त्याचा उद्देशच हरवतो.

हिंगोली जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने एक लहानशी गोष्ट करून पाहावी. येत्या २२ डिसेंबरला प्रत्येक केंद्रातील शाळांनी जवळच्या एका मैदानावर एकत्र यावे आणि ध्वनिक्षेपक न लावता, ध्वनिमुद्रण न वाजविता, या दोन प्रार्थना मुलांनी स्वतः म्हणाव्यात. सराव परिपाठाच्या वेळेतच होईल. अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी तरतूद लागणार नाही.