सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर १८९६ – १९८७) हे मुंबईत जन्मलेले भारतीय पक्षिशास्त्रज्ञ होते. भारतातील पक्ष्यांच्या शास्त्रशुद्ध सर्वेक्षणाचा पाया त्यांनी घातला. पक्षिमित्र म्हणून ते सर्वपरिचित असले, तरी गोचिडीमार्फत माणसाला होणाऱ्या क्यासनूर अरण्यज्वराच्या, म्हणजेच माकडतापाच्या शोधकार्याशी त्यांचा जो संबंध आला, त्याकडे चरित्रकारांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

बालपण व शिक्षण

सलीम अलींचा जन्म सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वडील व पाठोपाठ आई लहानपणीच निवर्तल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतील घरी त्यांचा सांभाळ केला. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हा मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहही उघडून दाखवला. पुढील आयुष्याची दिशा तेथे ठरली.

महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते कौटुंबिक व्यवसायासाठी ब्रह्मदेशात गेले. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली, पण लवकरच अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकण्यास गेले. १९३० मध्ये परत आले तो निधीअभावी ते पदच रद्द झालेले होते. बेकारीच्या या काळात अलिबागजवळील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचा जो अभ्यास केला, तो आजही नमुनेदार मानला जातो. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. संस्थानांतील पक्षी-सर्वेक्षणांत सोबत करणारी सहचारिणी गेल्याचा हा आघात मोठा होता.

माकडताप व पक्षी-स्थलांतर प्रकल्प

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत तीव्र ताप, अंगदुखी व रक्तस्राव होऊन माणसे दगावू लागली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) या रोगाचा विषाणू वेगळा केला. हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही रानातील गोचीड त्याची मुख्य वाहक ठरली. माणसाला चावते ती बहुधा तिची अर्धवाढ झालेली अवस्था. ती इतकी बारीक असते की, लाकूडफाटा गोळा करणाऱ्याला किंवा गुराख्याला चावा कळतही नाही.

हा विषाणू रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाल्याने एक प्रश्न उभा राहिला. तो सायबेरियातून दर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तर आला नसेल? याचे उत्तर शोधायचे, तर कोणता पक्षी कोठून येतो आणि कोठे जातो, हे आधी कळायला हवे होते. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालण्याचे काम सोसायटीने १९२०च्या दशकात धार संस्थानात आरंभले होते, परंतु पैशांअभावी ते रेंगाळले होते. सलीम अलींनी ही संधी ओळखली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अर्थसाहाय्याने १९५९ मध्ये सोसायटीचा पक्षी-स्थलांतर प्रकल्प सुरू झाला. जाळ्यात पक्षी धरायचे, रक्ताचा नमुना व अंगावरच्या गोचिडी काढून घ्यायच्या, कडी घालायची आणि पक्षी सोडून द्यायचे, असे हे चिकाटीचे काम होते. वयाची साठी उलटलेले अली स्वतः शिबिरांत राहत.

विदेशी पक्ष्यांनी हा रोग भारतात आणल्याचा पुरावा मिळाला नाही. विषाणू स्थानिक जंगलातच गोचिडी, उंदरांसारखे छोटे सस्तन प्राणी व माकडे यांच्यात फिरत राहतो, आणि जंगलतोड व चराई वाढली की माणसापर्यंत पोहोचतो, असे आता मानले जाते. म्हणजे पाहुण्या पक्ष्यांवरचा आळ निराधार ठरला. मात्र त्यांच्या प्रवासमार्गांविषयी जी माहिती हाती आली, ती अन्यथा मिळणे कठीण होते.

पुढे प्रकल्पाला अमेरिकी लष्कराशी संबंधित संशोधन-योजनेचाही पैसा मिळाला आणि येथेच वादाला तोंड फुटले. पक्ष्यांमार्फत रोगजंतू पसरवता येतील का, याची ही चाचपणी असल्याचे आरोप १९७० च्या दशकात वृत्तपत्रांतून झाले, व संसदेच्या लोकलेखा समितीनेही परकीय साहाय्याने चाललेल्या अशा संशोधनावर ताशेरे ओढले. अलींनी आरोप ठामपणे नाकारले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास आधार दिसत नाही, तथापि पैसा कोणाचा आणि कशासाठी, हा प्रश्न अप्रस्तुत होता असेही म्हणता येत नाही.

ग्रंथ, सन्मान व अखेर

१९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ने सामान्य वाचकाला पक्षी ओळखायला शिकवले. डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाला. पद्मभूषण (१९५८), पद्मविभूषण (१९७६) आणि राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यत्व (१९८५) हे सन्मान त्यांना लाभले. भरतपूर व सायलेंट व्हॅली यांच्या रक्षणासाठीही त्यांनी आपले वजन खर्च केले. १९८७ मध्ये मुंबईत दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात माकडताप गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात आढळला. काजूच्या बागांत जाणाऱ्यांना तेथे अंगभर कपडे घालण्याचा व परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करण्याचा सल्ला दिला जातो. सोसायटीचे वलयांकनाचे काम आजही चालू आहे. ठाण्याच्या खाडीकाठी, भांडुप उदंचन केंद्राच्या परिसरात हिवाळ्यात पक्षिनिरीक्षकांची गर्दी होते, ती याच परंपरेतील आहे.