लुसी विल्सबाई

माझी ताई रोज सकाळी एक लहान पिवळी गोळी खाते. तिला सिकलसेल आहे. ही फॉलिक ॲसिडची गोळी आहे. ती कोणी शोधली, असे मी गुरुजींना विचारले. मग गुरुजींनी मले विल्सबाईंची गोष्ट सांगितली.

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडात झाला. तेव्हा मुलींना डॉक्टर होणे सोपे नव्हते. पण त्या खूप शिकल्या व १९२० साली डॉक्टर झाल्या.

१९२८ साली त्या भारतात आल्या आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत तेव्हा खूप बाया काम करत. बाळ होणार असलेल्या बायांचं रक्त फार कमी व्हायचं. कितीतरी बाया मरायच्या. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले. ते सापडले नाहीत. मग त्यांनी बाया काय जेवतात ते पाहिलं. गरीब बायांच्या ताटात भाजीपाला व फळं फारच थोडी होती.

त्यांनी तसंच जेवण माकडांना दिलं. माकडांचंही रक्त कमी झालं. मग मार्माइट चारलं. तो यीस्टचा काळा घट्ट अर्क असतो, इंग्रज लोक पावाला लावून खातात. माकड बरं झालं! बायांना दिलं तर त्यांचंही रक्त भराभर वाढलं. १९३१ साली त्यांनी हा शोध छापला. पुढे १९४१ साली तोच पदार्थ पालकाच्या पानांत सापडला. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचं नाव फॉलिक ॲसिड.

गुरुजींनी फळ्यावर चित्र काढलं. रक्तातल्या लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. त्या सुमारे १२० दिवस जगतात. लोह कमी पडलं तर पेशी लहान व फिक्या होतात. फॉलिक ॲसिड कमी पडलं तर मोठ्या होतात, पण थोड्याच बनतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात व लवकर मरतात. म्हणून ताईच्या अंगाला नव्या पेशी घाईघाईनं बनवाव्या लागतात. त्याला ही गोळी लागते. गोळीनं सिकलसेल जात नाही, पण रक्त बनायला मदत होते.

विल्सबाई १६ एप्रिल १९६४ रोजी वारल्या. त्यांनी ताईला कधी पाहिलं नाही, तरी ताईच्या कामी आल्या.

काही मुली ताईजवळ बसत नव्हत्या. मित्रांनो, सिकलसेल शिवल्यानं होत नाही. तो आईबाबा दोघांकडून जन्मतःच येतो. तिच्याजवळ बसा, तिच्याशी खेळा. ती दमली तर थांबा. आणि पालेभाजी खा. भाजी फार शिजवू नका, तिचं पाणी फेकू नका. शाळेत गुलाबी गोळी मिळते, ती खिडकीतून टाकू नका. मी पण एकदा टाकली होती. आता टाकत नाही.

— इयत्ता चौथी